चालत्या गाडीत हजामत

माझ्या आईला आगगाडीचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते कुठल्या थराचं आहे, हे ती गाडीत बसेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

आमचं घर म्हणजे बाबांच्या सलूनची मागची बाजू. पुढे दोन खुर्च्या आणि दोन आरसे, मध्ये एक पडदा, आणि पडद्यामागे आम्ही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रुळांचा एक तुकडा दिसायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे थांबत नसत, नुसत्या धडधडत निघून जात. आई हातातलं काम तसंच टाकून खिडकीशी जायची. "त्या डब्यात आत्ता कुणीतरी झोपून उठलं असेल," ती म्हणायची, "आणि बाहेर बघून विचारत असेल, हे कुठलं गाव? म्हणजे आपलं गाव! कित्ती मजा!"

बाबांना त्यात काडीची मजा वाटत नसे. "माणसानं आपल्या जागेवर असावं. गिऱ्हाईक आलं आणि दार बंद दिसलं, की ते दुसरं दार शोधतं." सुटीच्या दिवशीही ते कुठे जात नसत. कात्र्यांना धार लावायची, टॉवेल धुवायचे, आरसे पुसायचे. बाबा कामात असताना हसत नसत. हसलं की हात हलतो, म्हणत.

मग मला मुलगी झाली. माझं सासर त्यांच्यापासून दोन रात्रींच्या प्रवासावर. आईनं एका सकाळी जाहीर केलं, "मी नातीला बघायला चालले. तुम्ही येताय, की मी एकटीच जाऊ?"

बाबा निघाले. दाराला कुलूप लावताना त्यांचा चेहरा असा, की शेजाऱ्यांना वाटलं कुणीतरी गेलं. हत्यारांची पेटी मात्र बरोबर घेतली. म्हणाले, "जावईबापूंचे केस कोण कापतो कोण जाणे. फोटोत एक कल्ला वर आणि एक खाली."

पुढचं सगळं मला आईनं सांगितलं, बाबांनी मध्ये मध्ये दुरुस्त केलं, आणि थोडं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

जवळच्या जंक्शनातून गाडी सुटली आणि आईच्या पायाला भिंगरी लागली. आधी ती खिडकीशी बसली. मग चपला काढून वरच्या बर्थवर चढून आली, कारण वरून कसं दिसतं ते बघायचं होतं. वरून फक्त पंखा दिसत होता, पण तोही तिला आवडला. मग दारापाशी जाऊन दांडीला घट्ट धरून उभी राहिली, आणि केसांचं टोपलं करून परत आली. चहावाला आला की चहा. पुढच्या डब्यातला चहावाला आला की त्याचाही चहा, नाहीतर त्याला वाईट वाटेल. उशीवर डोकं टेकलं तर म्हणे, "अहो, हे ऐका ना! कुणीतरी पाळण्यात घालून झोका देतंय आणि खालून ढोलकी पण वाजवतंय."

"झोप आता," बाबा म्हणाले.

"झोपायला काय घर आहे की!"

तिसऱ्या दिवशीपर्यंत अर्धा डबा तिचा नातेवाईक झाला होता. समोरच्या बाकांवर एक लग्नाचं बिऱ्हाड होतं: नवरदेव, त्याचे वडील, आत्या, मामा आणि मामी. उकडलेली अंडी आईकडून तिकडे गेली, केळी तिकडून इकडे आली, आणि दुपारच्या आत आईला ठाऊक झालं की मुलगी शाळेत शिकवते, गाडीचा शेवटचा थांबा तेच तिचं गाव, आणि लग्न आज संध्याकाळी आहे.

नवरदेव मात्र खिडकीच्या काचेत सारखा स्वतःकडे बघत होता. निघायच्या घाईत त्याचे केस कापायचे राहून गेले होते. उतरून कापू म्हटलं, तर गाडीला उशीर झालेला. आता स्टेशनावरून थेट मांडवात.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," आत्या उसासली.

"विघ्न कसलं आलंय!" आई ताडकन उठली. "हे काय, समोर बसलेत! उभा जन्म त्यांनी दुसरं काही केलेलंच नाही!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की घरी असती तर ती पडद्याआड गेली असती. इथे पडदा नव्हता.

"चालत्या गाडीत?" बाबा म्हणाले. "कान जाईल त्याचा."

"मी सांगते ना तुम्हाला. मी खिडकीत बसते. पुढे वळण दिसलं की ओरडते. तुम्ही कात्री वर उचलायची. वळण संपलं की परत खाली."

नवरदेवानं हात जोडले. "काका, कान गेला तरी चालेल. पण या केसांनी मला मांडवात नेऊ नका."

झालं. खाली वर्तमानपत्रं पसरली, गळ्यात टॉवेल आला, पेटी उघडली. आई खिडकीला नाक लावून बसली. "वळण!" ती ओरडली, आणि बाबांची कात्री वर. "सरळ!" कात्री खाली. "पूल!" वर. थोड्या वेळात मामी ओरडू लागली, मग आत्या, मग पलीकडच्या बाकांवरची माणसं. डब्याच्या दोन्ही बाजूंना पहारे बसले. एक म्हातारे गृहस्थ दूरवरचं काही दिसत नसतानासुद्धा "वळण!" ओरडत होते. बाबा त्यांच्यासाठीही कात्री उचलत होते. उगाच विषाची परीक्षा कशाला?

केस असे झाले, की आत्यानं भाच्याच्या मानेवरून हात फिरवला आणि विघ्नांचं नाव काढलं नाही. आई म्हणते, तिनं बाबांना आयुष्यात पहिल्यांदा काम करताना पाहिलं. एरवी मध्ये पडदा असायचा.

"मिशी जरा बेतात करून देता?" नवरदेव म्हणाला.

बाबांनी बारीक कात्री घेतली. आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या रुळावरून समोरून दुसरी गाडी आली. दारादारांत माणसं बसलेली, खिडक्यांतून हात हलणारे, कुणाची तरी ओली चादर झेंड्यासारखी फडफडणारी. आई भान विसरली. दोन्ही हात बाहेर काढून तिनं त्या सगळ्या गाडीला टाटा केला. वळण आलं, रूळ बदलले, गाडीनं गचका दिला, आणि नवरदेवाची डावी मिशी टॉवेलवर येऊन पडली.



बाबांचा चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाचा केस वाकडा झाला नव्हता. आई वळली, तिनं नवरदेवाकडे पाहिलं, उजवीकडे भरघोस मिशी, डावीकडे मोकळं मैदान. तिला रडू यायला हवं होतं. तिला हसू आलं. तिनं तोंडात हात कोंबला, तरी ते नाकातून बाहेर पडलं. नवरदेवानं आरसा घेतला, बघितलं, तोंड उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं, आणि तोही जो फुटला! मग कुणालाच आवरेना. पलीकडचे म्हातारे गृहस्थ हसता हसता "वळण! वळण!" करत बाकावर आडवे झाले.

"उरलेलीही काढून टाका, काका," डोळे पुसत नवरदेव म्हणाला.

पुढे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबांनी ती वस्तऱ्यानं साफ केली. गाडी पूर्ण उभी असल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही, असा त्यांनी तिथल्या तिथे नियम केला.

नवरदेवाचे वडील मुलाकडे बघत राहिले. "एकट्या नवऱ्याची मिशी गेली तर लोक कारण विचारतील," ते म्हणाले. "सगळ्यांचीच गेली तर त्यांना वाटेल आमच्याकडे असंच असतं. घ्या, माझीही उतरवा." सिग्नल पडायच्या आत त्यांचीही उतरली.

राहिले मामा. मामांची मिशी म्हणजे मिशी नव्हती, जहागीर होती. दोन्ही टोकं गालांवरून कानांकडे निघालेली.

"माझ्या मिशीला हात लावायचा नाही," मामा म्हणाले.

"काढा हो," मामी म्हणाली. "इतकी वर्षं झाली. एकदा बघू तर द्या, मी कुणाशी लग्न केलंय ते."

डबा टाळ्या वाजवू लागला. मामांनी मामीकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि मान पुढे केली. पुढच्या सिग्नलला बाबांनी साबण फेसला, उजवी बाजू उतरवली, आणि गाडी सुटली. नियमाप्रमाणे वस्तरा वर. आता गाडी थांबणार ती थेट माझ्या सासरच्या गावाला.

आमच्याकडे गाडी दोन मिनिटं थांबते. त्यातच उतरायचं असतं.

"एक तर उतरायचं," बाबा म्हणाले, "नाहीतर दुसरी बाजू. दोन्ही जमणार नाही."

"दुसरी बाजू!" आई म्हणाली. तिला विचार करायला क्षणही लागला नाही.

"आणि पोरगी स्टेशनवर उभी असेल ती?"

"ती काय पळून जातेय? या बिचाऱ्याला अर्ध्या मिशीनं लग्नाला पाठवणार का तुम्ही?"

बाबा मामांकडे बघत राहिले. मामा अर्ध्या फेसातून त्यांच्याकडे बघत होते. "गिऱ्हाईक अर्धं टाकून मी आजवर उठलेलो नाही," बाबा शेवटी म्हणाले.

इकडे मी फलाटावर. कडेवर मुलगी, शेजारी नवरा, सासूबाईंनी घरी विहीणबाईंसाठी चहाचं आधण ठेवलेलं. गाडी आली. आम्ही डब्यामागून डबे बघत धावलो. आणि एका खिडकीत मला बाबा दिसले. हातात वस्तरा, कोपरापर्यंत साबण, समोर एक धिप्पाड माणूस तोंड वर करून बसलेला, आणि बाबा हसत होते. काम करता करता, दात दाखवून. मी हाक मारायचीच विसरले.

"अगं, इकडे!" शेजारच्या खिडकीतून आई ओरडली. "आम्ही पुढे चाललोय! लग्नाला! उद्या येतो!"

"कुणाच्या लग्नाला?"

"ते उद्या सांगते! बाळाला आण, बाळाला!"

मी मुलगी खिडकीपाशी धरली. आईनं गजांतून हात काढून तिचे दोन्ही गाल कुरवाळले, बोटं स्वतःच्या ओठांना लावली. "नाक आपलं आहे!" तिनं मागे वळून डब्याला सांगितलं, आणि अनोळखी माणसांनी "वा! वा!" केलं.

"बाबा, तुम्ही तरी!" मी म्हटलं.

"बोलू नकोस," बाबा मान न वळवता म्हणाले. "हात हलेल."

गाडी सुटली. वस्तरा वर गेला. आतून प्रचंड आरडाओरडा झाला, तो दुसरी बाजू वेळेत झाल्याचा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझा नवरा गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होता. मग म्हणाला, "तुझे आईवडील आले होते ना आत्ता?"

पुढे तिकीट तपासनीस आला. त्यानं दोघांची पुढची तिकिटं करून दिली, आणि जाता जाता, गाडी कुठे थांबलीच तर आपले कल्ले जरा बघाल का, असं हळूच विचारून ठेवलं.

शेवटच्या स्टेशनावर मुलीकडची मंडळी हार घेऊन उभी होती आणि मिशीवाला नवरदेव शोधत होती. त्याच्या अंगावरून दोनदा गेली. शेवटी नवरीच्या धाकट्या बहिणीनं बुटांवरून ओळखलं. नवरीनं मांडवात त्याच्याकडे पाहिलं आणि सुटकेचा असा श्वास सोडला, की पहिल्या रांगेत ऐकू आला. "बरं झालं," ती म्हणाली. "या मिशीचा विषय लग्नानंतर कसा काढायचा, हीच मला काळजी होती."

मामांच्या गालावर, मिशीच्या एका टोकाखाली, एक खळी निघाली. मामी लग्नभर नवरा-नवरी सोडून तिच्याकडेच बघत होती. "ही खळी इतकी वर्षं लपवून ठेवलीत होय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि मामा, तो पहाडासारखा माणूस, लाजत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईबाबा उलट्या गाडीनं आमच्याकडे उतरले. आईचा घसा बसला होता तरी ती बोलतच होती. बाबांनी नातीला मांडीवर घेतलं, मग जावयाला खुर्चीत बसवलं आणि काही न विचारता त्याचे कल्ले सारखे केले. कात्री चालवताना शीळ घालत होते. मी आईकडे पाहिलं. "कालपासून असंच चाललंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

महिनाभर राहिले. मुलीनं आजोबांचा अंगठा धरायला शिकून घेतलं. निघायची वेळ आली तेव्हा परतीची तिकिटं काढायला बाबा स्वतः गेले, मी बरोबर होते. खिडकीवरच्या कारकुनानं सगळ्यात लवकर पोचणारी गाडी सांगितली.

"ती नको," बाबा म्हणाले. "सगळ्यात उशिरा पोचणारी कुठली?"

कारकुनानं चष्मा वर केला. "काका, एक गाडी आहे, पण ती फार फिरून जाते. डोंगरातून जाते, नदीकाठानं जाते, जागोजागी थांबते. एक रात्र जास्त लागेल. त्या गाडीनं कुणी जात नाही."

"खिडकीच्या दोन जागा द्या," बाबा म्हणाले.

"आणि दुकान?" मी विचारलं.

"दुकान कुठे पळून जातंय?" बाबा म्हणाले, आणि तिकिटं खिशात घालून घराकडे जवळजवळ धावतच सुटले, आईला सांगायला.