मास्तरांनी पोट आत घेतलं

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मास्तरांच्या मानेत सुई गेली. दुखत होता उजवा हात.

यावर मेहुण्याने आधीच भरपूर तोंडसुख घेतलं होतं. मेहुणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. शिंपीकामाच्या त्यांच्या दुकानात तो इस्त्री करायचा, आणि इस्त्री गार झाली तरी त्याची जीभ गार व्हायची नाही. "भावजी, हाताचं मानेत देतात, तर मानेचं कुठे देतील?" असं त्याने दवाखान्याच्या पायरीवर विचारलं होतं. डॉक्टरबाईंनी सरळ उत्तर दिलं होतं: दिवा खोलीत असला तरी फ्यूज जिन्याखाली असतो. हाताच्या काही नसांचा गुच्छ मानेच्या मुळाशी आहे, तिथे औषध सोडून त्याला गप्प करायचं.

अकरा महिन्यांपूर्वी दुकानाचं शटर मास्तरांच्या मनगटावर पडलं. हाड दोन महिन्यांत जुळलं. एक्स-रे इतका देखणा आला की हाडांच्या डॉक्टरांनी दोनदा उजेडात धरून पाहिला. दुखण्याला मात्र तो कुणी दाखवला नसावा. हाताची आग आग व्हायची, आणि कापड नुसतं घासलं तरी मास्तर जागच्या जागी उडायचे. पस्तीस वर्षं कापड बेतलेल्या माणसाला कापड सोसवेना. कात्री बायकोने हातात घेतली. ती बरी चालवायची, पण जुनी गिऱ्हाइकं "मास्तर कधी बसणार?" म्हणत कापड काखेत मारून परत जायची. इंजेक्शनं लागू पडली तर कात्री पुन्हा मास्तरांच्या हातात. नाहीतर उरलेलं आयुष्य काउंटरमागे बसून टाचण्या निवडायच्या.

सुई काढल्यावर वीस मिनिटांत हात गरम झाला, आवाज बसला आणि उजवी पापणी खाली आली. औषध योग्य जागी पोचल्याच्या या खुणा, काही तासांत जातील, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. मेहुण्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "भावजी सिस्टरला डोळा मारतायत."

"मारू दे. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी मारलंय त्यांनी," बायको म्हणाली.

मास्तर हसले, आणि हसताना उजवा हात चादरीवर आपटला. सगळे थांबले. मास्तरही थांबले. किंकाळी आली नाही. त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली, बोटांत फिरवली आणि बसक्या आवाजात म्हणाले, "पॉलिस्टर आहे. सुती म्हणून गळ्यात मारलंय यांच्या."

बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदराने नाक पुसलं.

साडेबाराला डॉक्टरबाई फाइल घेऊन आल्या. "शून्य ते दहात आता किती दुखतंय?"

"तीन," मास्तर ऐटीत म्हणाले.

डॉक्टरबाईंनी फाइल पाहिली आणि चष्मा वर सरकवला. "सकाळी पाच म्हणाला होतात. पाचावरून तीन. निम्मा तरी फरक पडायला हवा, मास्तर. नाहीतर पुढची इंजेक्शनं द्यायला आधार नाही. मानेत उगाच सुया टोचत बसणं बरं नव्हे. आपण गोळ्यांवर परत जाऊ."

गोळ्या मास्तरांनी सात महिने खाल्ल्या होत्या. त्यांमुळे झोप यायची, तीही दुपारी, गिऱ्हाइकासमोर.

आता सकाळी काय झालं होतं, ते सांगायला हवं. सिस्टरने आकड्यांचा कागद पुढे धरला. शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी रडका. मास्तरांच्या शेजारी एक बाई बिस्किटं खात बसल्या होत्या; त्यांनी "दहा" म्हणून सांगितलं आणि पुढचं बिस्किट घेतलं. मास्तरांना लाज वाटली. रात्रभर हात उशीवर ठेवून बसलेला हा माणूस मान ताठ करून म्हणाला, "पाच लिहा." बायको तेव्हा खाली केसपेपरच्या रांगेत होती.

"अहो, पाच?" बायको आता म्हणाली. "पाच कुठून आणलेत?"

"असंच... माणसासारखं..."

"डॉक्टर, यांनी पोट आत घेतलं."

डॉक्टरबाई गोंधळल्या. "पोटाची काही तक्रार नव्हती ना?"

"माप देताना गिऱ्हाईक पोट आत घेतं," बायको म्हणाली. "आणि हे पस्तीस वर्षं त्यांना ओरडतायत, पोट सोडा साहेब, विजार तुम्हालाच घालायचीय. आज स्वतः मापाला उभे राहिले आणि घेतलं आत. आठ होतं हो त्यांचं. आठाला पाच सांगितलं."

मास्तर पॉलिस्टरकडे पाहत राहिले. पापणी पडलेली असल्याने अर्धीच लाज दिसत होती.

"मी विश्वास ठेवीन," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण आता पुढचं इंजेक्शन हवंय, म्हणून आकडा फुगवत नाही कशावरून? आत घेता येतं, तसं बाहेरही काढता येतं."

मेहुणा म्हणाला, "हा मुद्दा आहे." बहिणीने पाहिल्यावर तो पाणी प्यायला गेला.

मग बायकोने मास्तरांचा सदरा पुढे ओढला. डावी बाही मनगटापर्यंत होती. उजवी कोपराच्या वर कापून दुमडलेली. "ही बाही मी कापली. शटर पडल्यावर मनगटाला कापली होती. मग चार इंच वर. पुन्हा वर. पाच सदरे आहेत घरी, पाची सदऱ्यांची बाही वेगळी. गेल्या आठवड्यात ही कोपराच्या वर गेली, कारण हाताला कापड सोसवेना. पाच दुखणाऱ्याची बाही कोपराच्या वर जाते का, सांगा."

डॉक्टरबाईंनी दुमडीला बोट लावलं. टीप सरळ होती, दोरा रंगाला रंग. मग फाइलमध्ये पाच हा आकडा तसाच ठेवून बाजूला लिहिलं: पत्नीच्या मते आठ, बाही पाहिली.

"सकाळचा आकडा खोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आणखी एक देते. येताना पूर्ण बाहीचा सदरा आणा. इंजेक्शनआधीचा आकडा तुम्हा दोघांसमोर घेईन. नंतर बाहीचं बटण लावायचं, आणि नंतरचा आकडा सांगायचा. तोही निम्मा आला नाही, तर थांबायचं. आणि मास्तर..."

"हो. पोट सोडून," मास्तर म्हणाले.

दुसरं इंजेक्शन सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी झालं. आधीचा आकडा दोघांसमोर घेतला, आठ. साडेदहाला पापणी खाली आली. "भावजी, सिस्टर आज सुट्टीवर आहेत," मेहुण्याने कळवलं. बायकोने पिशवीतून नवा सदरा काढला, उजवी बाही मनगटापर्यंत, मऊ सुती, तिने स्वतः बेतलेला. खांदा अर्धा इंच उतरला होता. मास्तरांना दिसलं, तरी त्यांनी बाहीत हात घातला. दहा पन्नासला तिने बटण लावलं.

डॉक्टरबाई पेन उघडून उभ्या होत्या. "किती?"

मास्तरांनी श्वास सोडला, पुरता, खांदे खाली येईपर्यंत.

"थांबा," ते म्हणाले. "नीट मोजू द्या."

अकरा वाजून दहा मिनिटांनी बटण अजून लागलेलं होतं. फाइलमधला रकाना कोरा होता; मास्तर अजून मोजत होते.