भिंतीकडे तोंड असलेलं शुद्धिपत्र

मी शुद्धिपत्र बोलतोय. पुस्तक बोलतं, नदी बोलते, फाटकी छत्रीसुद्धा बोलते. शुद्धिपत्राला मात्र बोलायची पाळी कधी येत नाही. नवं पुस्तक उघडलं की त्यातून जे सुटं चिटोरं खाली पडतं आणि जे कोणी न वाचता केरात टाकतं, ते मी. तळहाताएवढा कागद, एका अंगाला छापलेला, दुसऱ्या अंगाला कोरा.

माझा जन्म घाईत झाला, आणि तोही दुसऱ्याच्या चुकीमुळे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी उतारे वाचायच्या सरावाचं एक पुस्तक छापखान्यात बांधून तयार होतं. वीस उतारे, प्रत्येकाखाली दहा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि शेवटच्या दोन पानांवर उत्तरं. गठ्ठे बांधायला घेतले आणि मुद्रितं तपासणाऱ्या आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. अकराव्या उताऱ्याची उत्तरं बाराव्यासमोर पुन्हा छापली गेली होती. त्यामुळे बाराव्याची तेराव्यासमोर, तेराव्याची चौदाव्यासमोर, अशी सगळी रांग एकेक घर पुढे सरकली होती. विसाव्याची तर पार गळूनच गेली होती.

"आता काय सगळी पुस्तकं फोडत बसायची?" मालक म्हणाले. "एक चिठ्ठी टाका आत."

ती चिठ्ठी म्हणजे मी आणि माझी भावंडं. बारापासून पुढची उत्तरं कशी वाचायची ते माझ्यावर इंग्रजीत छापलं, आणि खाली विसाव्याची दहा उत्तरं. आजोबा बांधणीच्या बायकांना बजावत होते, "एकही पुस्तक ह्याच्याशिवाय जाता कामा नये. पोरं विसंबणार आहेत ह्याच्यावर." ते ऐकून माझी मान ताठ झाली. मला वाटलं, पुस्तकापेक्षा माझंच वजन जास्त. आज त्या गर्वाचं हसू येतं, आणि हसूही धड येत नाही.

आमचं पुस्तक घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिच्या मुलीचं घरातलं नाव ठकू. ठकूला दगडांचा भारी नाद. खिडकीच्या फळीवर तिनं गोटे मांडले होते, काळे, तांबूस, एक पांढऱ्या रेघेचा. जमिनीच्या पोटात काय काय दडलंय ते शिकायला तिला विद्यापीठात जायचं होतं. बाकी विषयांत तिला कोणाची भीती नव्हती. इंग्रजी उताऱ्यांचा भाग तेवढा पार पडायला हवा होता.

पुस्तक घरी आलं तेव्हा ठकू बाहेर गेली होती. आईनं मशीनजवळ उभ्या उभ्या पानं चाळली आणि मी घसरून तिच्या पायाशी पडलो. नेमकं त्याच वेळी एक कारकून साहेब कोटाचं माप द्यायला आले. मापांची वही भरलेली होती. आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. छापलेल्या बाजूवर नजर टाकली, "जाहिरात दिसतेय," म्हणाली, आणि माझ्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: साहेब, छाती अमुक, बाही तमुक, डावा खांदा थोडा खाली. मग मशीनच्या वर भिंतीत ठोकलेल्या खिळ्यात मला अडकवून टाकलं. तोंड भिंतीला, पाठ खोलीला.

मला वाटलं, आज ना उद्या कोणीतरी उलटं करून बघेल.

ठकूच्या शिकवणीच्या सरांनी आईला एक पद्धत सांगून ठेवली होती. "उत्तरांची पानं फाडून तुमच्याजवळ ठेवा. बरोबर की चूक, एवढंच सांगायचं. चूक असेल तर तिनं उतारा परत वाचायचा आणि दुसरं उत्तर शोधायचं. बरोबर येईपर्यंत. आयतं दाखवलं की पोरांचं डोकं चालेनासं होतं." आईनं ते शब्दशः पाळलं. पानं फाडून मशीनच्या खणात रिळांखाली ठेवली. इंग्रजीतली तिला चारच अक्षरं येत होती, आणि लागत होती तीही चारच. ठकू उत्तरं शाईनं वहीत लिहायची, आई एका डोळ्यानं वही आणि एका डोळ्यानं पान बघत लाल पेन्सिलीनं खुणा करायची. ठकू दुसरं उत्तर शोधायची ते शेजारी शिसपेन्सिलीनं.

अकरा उतारे झकास गेले. दहापैकी सात, आठ, कधी नऊ. आई मशीन चालवता चालवता गुणगुणायची. मग बारावा उतारा आला आणि ठकूला दहापैकी दोन मिळाले.

त्या दिवशी ठकू पाणी भरायला उठली होती तेव्हा आई पान डोळ्यांजवळ धरून स्वतःशीच पुटपुटली, "ही ओळ अगदी कालच्यासारखीच दिसतेय. एकाच कापडातनं काढल्यासारखी." शिवणाऱ्या बाईची नजर ती, तिला जुळं लगेच दिसलं. मी जीव मुठीत धरून वाट बघत राहिलो. पण ठकू आली तोवर आईनं पान खणात सरकवलं होतं. छापणारे शिकलेसवरलेले, आपण कोण शंका काढणार, असं तिला वाटलं असावं. पुढे ती ते विसरूनही गेली.

तेराव्याला तीन, चौदाव्याला एक. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "शेवटचे उतारे कठीणच असतात. सगळ्यांची घसरगुंडी होते तिथं. मेहनत वाढव."

ठकूनं मेहनत वाढवली. तेच तर माझ्या जिवाला लागून राहिलंय.

चौदावा उतारा एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो, नावेत कोणी बसेनासं होतं, तरी तो रोज सकाळी नाव पाण्यात सोडतो. का सोडतो, असा प्रश्न. ठकूनं लिहिलं, त्याला काम सोडवत नाही म्हणून.

"चूक," आई म्हणाली.

ठकूनं पुन्हा वाचलं. "मग पूल कच्चा होता म्हणून?"

"चूक गं."

"नाव विकायची होती म्हणून?"

"हं, आता बरोबर."

ठकूनं उताऱ्यावरून परत बोट फिरवलं. मग म्हणाली, "हो की. इथं लिहिलंय, त्यानं नावेला नवा रंग दिला. म्हणजे विकायचीच असणार. माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

ऐकून मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. अगं, तुझंच बरोबर होतं! म्हाताऱ्याला काम सोडवत नव्हतं! पण कागदाला ओरडता येत नाही. ती मुलगी रोज असं चुकीच्या उत्तराला कारण शोधून देत होती, आणि शोधता शोधता तिला ते पटतही होतं. हुशार होती म्हणूनच पटत होतं. एखादी मठ्ठ असती तर चिडून पुस्तक फेकून तरी दिलं असतं.

एकदा तिनं विचारलंही, "आई, पुस्तकच चुकलं असेल का गं?"

"छापलेलं कधी चुकतं होय? एवढी माणसं बसलेली असतात तिथं." मग आईचा आवाज जरा मऊ झाला. "दमलीस का? थोडं पड. मग परत वाच."

मी एक प्रयत्न केला. प्रयत्न कसला, पंख्याच्या वाऱ्यानं केला, मी फक्त अंग सैल सोडलं. पंधराव्या उताऱ्याच्या वेळी पंखा जोरात होता. मी खिळ्यावर फडफडू लागलो, अर्धा वळलो, माझं तोंड क्षणभर खोलीकडे झालं. ठकू नेमकी समोर बसलेली. तिनं मान वर केली. मी म्हटलं, आता!

"आई, हा कागद फार फडफड करतो गं. लक्षच लागत नाही."

"टाचणी लाव की त्याला."

ठकू उठली, माझं तोंड परत भिंतीला लावलं आणि खालच्या कोपऱ्यात टाचणी खोचली. तिच्या स्वतःच्या हातानं. त्यानंतर मी कधी हललो नाही.

परीक्षा देऊन आली त्या दुपारी तिनं चपलाही काढल्या नाहीत, तशीच मशीनजवळच्या स्टुलावर बसली. आईनं पाण्याचा पेला हातात दिला. "कसा गेला?"

"उतारे सोपे होते गं."

"मग?"

"पहिल्यांदा जे वाटलं ते सगळं खोडलं मी. म्हटलं, मला वाटतं ते चुकतंच. मग दुसरं लिहिलं."

आईला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "बरं केलंस, नीट विचार केलास ते."

निकाल आला. बाकी सगळं उत्तम होतं आणि उताऱ्यांच्या भागात ती थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी परत बस, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "माझं डोकं वाचायचं नाहीच." फार शांतपणे म्हणाली. पुस्तक, वही कपाटावर गेली. ठकू एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला सांगायचं आणि समोरची अक्षरं वाचायला लावायची. काम मन लावून करते, मालक खूश आहेत. खिडकीतले गोटे हळूहळू आईच्या टेबलावर आले. कापड बेतताना कागद उडू नये म्हणून आई ते ठेवते.

सहा वर्षं गेली. पाठीवरचं माप मात्र उपयोगी पडत राहिलं. साहेब दर एकदोन वर्षांनी नवा कोट शिवायचे आणि त्यांचा खांदा काही वर आला नाही.

गेल्या महिन्यात ठकूची मामेबहीण त्याच परीक्षेला बसणार असं ठरलं. तिच्यासाठी ठकूनं कपाटावरून पुस्तक काढलं. त्याच आठवड्यात साहेबांचा मुलगा कोट शिवायला टाकून गेला. बांधा थेट वडिलांचा, एक खांदासुद्धा. आई कात्री हातात घेऊन बसली होती. "ठकू, साहेबांचं माप काढून वाच बरं. माझे डोळे आता पोचत नाहीत."

ठकूनं टाचणी काढली, मला खिळ्यावरून उतरवलं आणि वाचून दाखवलं. छाती, बाही, खांदा.

"उंची?"

"उंची नाही लिहिलेली."

"मागे बघ, मागे लिहिली असेल."

तिनं मला उलटं केलं.

सहा वर्षं मी ह्या क्षणाची वाट पाहिली होती. तिचे डोळे पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेले, मग परत पहिलीवर आले. कागद थरथरायला लागला. ह्या वेळी पंखा बंद होता.

"आहे का काही?" आईनं मान वर न करता विचारलं.

"नाही," ठकू म्हणाली. "मागे काही नाही, आई."

दुसऱ्या दिवशी आई कपडे पोचवायला गेली तेव्हा ठकूनं दुकानातून सुट्टी घेतली होती. तिनं खणातल्या रिळांखालची पानं काढली, जुनी वही उघडली आणि मला शेजारी ठेवलं. आईच्या लाल फुल्यांकडे न बघता तिनं शाईनं लिहिलेली आपली पहिली उत्तरं तपासायला घेतली. बाराव्याला आठ. तेराव्याला नऊ. चौदाव्याला नऊ, आणि त्यात नावाडी होता. विसाव्याची उत्तरं त्या घरात फक्त माझ्याच अंगावर होती. तिनं एकेक अक्षरावर बोट ठेवून मोजलं.

"दहा," ती म्हणाली. मग पुन्हा मोजलं. दहापैकी दहा.

मला वाटलं होतं, वाचला गेलो की माझं सार्थक होईल. ती टेबलावर डोकं टेकून रडत होती आणि सार्थकाचा कुठं पत्ता नव्हता. इतक्या उशिरा सांगितलेलं खरं कुणाच्या काय कामाचं, हे मला तेव्हा समजलं. मी ते खिळ्यावर लटकून सहा वर्षं पाठ केलं होतं, पण ते कामाचं होतं फक्त परीक्षेआधीच्या महिन्यांत.

रडणं संपल्यावर तिनं तोंड धुतलं. उत्तरांच्या पानांवर शिसपेन्सिलीनं बाण काढून प्रत्येक ओळ तिच्या जागी नेली, विसाव्याची उत्तरं खाली लिहिली. रविवारी मामेबहीण आली तेव्हा पुस्तक देताना तिला म्हणाली, "पहिल्यांदा जे उत्तर वाटलं ते खोडायचं नाही. चूक निघालं तर स्वतःला बोल लावण्याआधी पुस्तकाला जाब विचार." मामेबहीण हसली. तिला वाटलं, ताई गंमत करतेय.

पण ते रविवारचं. त्या दिवशी जिन्यावर आईची पावलं वाजली तशी ठकूनं मला घाईघाईनं खिळ्यावर अडकवलं, तोंड भिंतीला. मग खालच्या कोपऱ्यात, जुन्याच भोकात, टाचणी खोचली.

"काय करतेस गं?" आईनं दारातूनच विचारलं.

"काही नाही. साहेबांचं माप नीट लावतेय. फडफडत होतं."

"आता मुलालाही तेच लागणार. जप त्याला."

"हो," ठकू म्हणाली.

तुम्ही नवं पुस्तक घ्याल तेव्हा माझं एखादं भावंड तुमच्या पायाशी पडेल. त्याला आधी वाचा, मग काय ते करा. माझ्यापुरतं मात्र वेगळं मागणं आहे. एके काळी मला रोज वाटायचं, कोणीतरी यावं आणि मला वळवून बघावं. आता रोज सकाळी ती माउली माझ्याखाली बसून मशीन चालवते, मध्येच मान वर करून माझ्या पाठीवरचं आपलं अक्षर बघते आणि समाधानानं पुढे शिवते. त्या घरी कधी गेलात, माप लागलं, तर आहे तसंच वाचा. मला उलटं करू नका.