वॉच लिस्टमधली शेवटची नोंद

तिने कळ दाबली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. पडद्यावरचे चक्र फिरू लागले. चार मिनिटे.

चालता प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबवून त्याचे पोट उघडून दाखवणे, एवढेच डीबगरचे काम. या कार्यालयातला डीबगर एका ओळीवरून दुसरीवर जायला चार मिनिटे घेई. दाखल्यांवर चुकीची जन्मतारीख छापणारा एक दोष तिला शोधायचा होता. तो सापडला की कार्यमुक्तीचे पत्र. साहेबांनी तसे लेखी दिले होते, मुदत तेवढी तोंडी. तीन महिने लोटले. नवी नोकरी, आईचे घर आणि सहा वर्षांची मुलगी एकाच गावात तिची वाट पाहत होती.

फोन वाजला.

"आई, सोमवारी येणार ना?"

"येणार गं."

"खऱ्या सोमवारी, की तुझ्या ऑफिसातल्या?"

तेवढ्यात ओळ पुढे सरकली, आणि तिने उत्तराऐवजी कळ दाबली.

त्या दुपारी तिने दोष बाजूला ठेवला आणि डीबगरचेच पोट उघडले. आत एक वॉच लिस्ट होती: ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या गोष्टींची यादी. नोंदी एकशे वीस. जाणाऱ्याने शेवटी दुरुस्त केलेल्या गोष्टीची नोंद मागे ठेवावी, असा कार्यमुक्तीच्या अर्जात रकानाच होता. नोंद पुसण्यासाठी रकाना नव्हता. बहुतेक नोंदींच्या फाइली केव्हाच नष्ट झाल्या होत्या. तरी डीबगर प्रत्येक ओळीवर थांबून त्या इमानाने शोधे, दिवंगतांच्या चपला राखणाऱ्या पहारेकऱ्यासारखा.

तिने यादीची प्रत काढून ठेवली आणि यादी रिकामी केली. कळ दाबली. ओळ पुढे गेली. पुन्हा दाबली. पुन्हा गेली. चहा निवायच्या आत दोष हाती लागला.

ती उठली. शेजारच्या टेबलावरून पंत मान वर न करता म्हणाले,

"बसा. चहा घ्या आधी."

"पंत, सापडलं! सगळं त्या यादीमुळे होतं. साहेबांना दाखवते."

"दोष दाखवा. वेग दाखवू नका."

ती थांबली.

"मीही असाच धावत गेलो होतो," पंत म्हणाले. "साहेब काय खूश झाले म्हणून सांगू! म्हणाले, पंत, आता राहिलेले चाळीस दोषही तुम्हीच काढा, इतक्या झटपट दुसरं कोण काढणार? त्या दिवशी माझ्याही हातात कार्यमुक्तीचा अर्ज होता."

"मग यादी परत कोणी भरली?"

पंतांनी चष्मा पुसला.

"उशीर झाला होता. पण भरली."

चहावर साय धरली. तिने प्रत उघडली आणि एकशे वीस नोंदी होत्या तशा जागेवर ठेवल्या.

पाच वाजता साहेब आले. तिने दोष दाखवला, दुरुस्ती दाखवली आणि कळ दाबली. साहेबांनी दीड मिनिट चक्राकडे पाहिले.

"एवढ्यातून सापडला हेच नशीब. हे सुधारता नाही का येणार, बाई?"

पंत पुसलेलाच चष्मा पुसत होते.

"मशीनच जुनं आहे, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पेन उघडले आणि थबकले.

"तुमची नोंद? रकाना रिकामा आहे."

तिने जन्मतारखेची नोंद यादीत टाकली. एका नोंदीचे दोन सेकंद. हिशेब तिने दुपारीच केला होता. साहेबांनी सही केली.

"तुमचं उरलेलं काम पंतांकडे देऊन जा. त्यांना सवय आहे."

"सावकाश जा," पंत म्हणाले. "मुलीला माझा आशीर्वाद सांगा."

ती दाराशी पोहोचली तेव्हा मागे त्यांनी कळ दाबल्याचा आवाज आला. ती जिना उतरली, रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बसमध्ये चढली. बस सुटली तेव्हा घड्याळात चार मिनिटे झाली होती.

उरलेले दोन सेकंद तिने मोजले.