टेबलाच्या पायाखाली सहा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. नाक मुरडू नका. माझ्या पाठीवर टेबलाच्या पायाचा चौकोनी वळ उठला आहे आणि मला जरा ओलसर वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या पोटात काय आहे ते ऐकलंत, तर तुम्ही मला बसायला चांगली जागा द्याल. मी आहेच थोडी मिरवणारी.

माझा जन्म घरबांधणी खात्याच्या कचेरीत झाला. जाड पुठ्ठ्याचं अंग, लाल नाडी आणि कपाळावर ठसठशीत अक्षरं: 'घरांचं धोरण : मंत्र्यांच्या बैठकांची इतिवृत्तं'. बैठकीत कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं, ते लिहून ठेवतात त्याला इतिवृत्त म्हणतात. ते लिहायचं काम एका लघुलेखिकाबाईंकडे होतं. बाई मोठ्या काटेकोर. प्रत्येक पानावर निळ्या पेन्सिलीने नंबर घालायच्या आणि नाडीची गाठ अशी मारायच्या, की एका ओढीत सुटावी.

त्यातली एक बैठक मला अजून आठवते. रेल्वे यार्डामागे कामगारांची जुनी वसाहत होती, एकशे बारा घरांची. ती कधी ना कधी पाडून नव्याने बांधावी लागणार होती. मंत्री खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "तिथल्या लोकांना लांब पाठवायचं नाही. नवी घरं त्याच जागेवर द्यायची."

शेजारचा अधिकारी हळूच म्हणाला, "साहेब, हे कागदावर नको घ्यायला."

बाईंनी मान वर केली. "साहेब, वाक्य परत सांगता का? माझं अर्धंच लिहून झालंय."

मंत्री हसले, पुन्हा बसले आणि सावकाश सगळं वाक्य बोलले. दुसऱ्या दिवशी त्याखाली त्यांनी सही केली. तेच माझं सत्तेचाळिसावं पान.

पहिली दोन वर्षं माझी नुसती चैन होती. "ती जाड फाईल आणा," असं कोणी म्हटलं की मी ओळखायचे, आपलीच आठवण निघाली. मग मंत्री बदलले, बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटात गेले. पुढे कचेरी वरच्या मजल्यावर हलली. जिन्यात हमालांच्या हातून एक टेबल निसटलं आणि त्याच्या पायाचा टवका उडाला. टेबल डुगडुगायला लागलं. "काहीतरी जाड लावा खाली," कोणीतरी ओरडलं. ज्या जाडीचा मी तोरा मिरवत होते, तीच नडली!

ते टेबल होतं जुन्या कागदपत्रांच्या कारकुनाचं. माणूस स्वभावाने गरीब. कोणीही काहीही मागितलं की तो "शोधतो" म्हणायचा आणि खरोखरच शोधायचा. त्यामुळे सगळे त्याला शोधतोसाहेब म्हणत. मी त्याच्या पायांपाशी सहा वर्षं काढली. रोज सकाळी ओलं फडकं माझ्या अंगावरून जायचं. कधी वरून चहाचा थेंब पडायचा. तेवढाच काय तो पाहुणचार.

आणि मग एका सोमवारी टेबलासमोर दोन जण येऊन बसले. एक म्हातारे सुतारकाका आणि त्यांची थोरली बहीण. दोघं त्याच वसाहतीतले. वसाहत पाडायची नोटीस आली होती आणि लोकांना शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब पाठवणार होते. "त्याच जागेवर घर द्यायचं ठरलं होतं," असं लोक सांगत, तर खात्यातले वरचे साहेब विचारत, "कागद कुठे आहे?" येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी मंत्र्यांपुढे सुनावणी होती. कागद नाही, तर घर नाही.

"सरकारी बैठकीचा कागद बघायचा आम्हाला हक्क आहे ना?" ताई म्हणाल्या.

"आहे की! शोधतो."

त्याने फाईलींची यादी काढली. तीत माझं नाव होतं. कपाटात मात्र मी नव्हते. बिचाऱ्याने सगळी कपाटं पालथी घातली, शिंकून शिंकून नाक लाल करून घेतलं. पुढच्या सोमवारी त्याने माझ्याच डोक्यावरच्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं, 'सदर फाईल आढळून येत नाही.' मित्रांनो, तेव्हा मला रडू फुटलं. अंगावर दोनशे पानं अक्षरं असून मला हाक मारता येत नव्हती.

तो कागद मिळाल्याची सही करायला सुतारकाका टेबलावर रेलले. टेबल किंचित हललं. वर्षानुवर्षं दाबली जाऊन मी थोडी बसले होते ना! सुतारकाकांचा हात थांबला.

"साहेब, याचा एक पाय बोटभर आखूड आहे."

"अरे, सही कर आधी," ताई म्हणाल्या. "इथे घर चाललंय आणि तुला टेबलाचं पडलंय!"

"डुगडुगत्या टेबलावर मी सही करत नाही," म्हणत काका गुडघ्यांवर बसलेसुद्धा. "खाली काय कोंबलंय हे?"

"असेल काहीतरी जुनी रद्दी," शोधतोसाहेब म्हणाला.

"उचला जरा."

शोधतोसाहेबाने आणि ताईंनी टेबल उचललं. काकांनी मला ओढून काढलं, फुंकर मारली आणि बहिणीपुढे धरलं. ताईंनी माझं कपाळ वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग त्या अशा हसल्या, की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो साहेब, पाय ठेवून बसला होतात की तिच्यापाशी!"

शोधतोसाहेबाने कपाळावर हात मारून घेतला. "शपथ सांगतो ताई, सगळीकडे शोधलं हो. खाली तेवढं वाकलो नाही."

पण ओलीने माझी पानं चिकटली होती. सुतारकाकांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. खिशात पट्टी नसेल तर तो सुतार कसला! लाकडाचा पापुद्रा सोडवावा तसं त्यांनी एकेक पान सोडवलं. चव्वेचाळीस फाटलं. पंचेचाळीस, सेहेचाळीस पुसट झाली होती. सत्तेचाळीस मात्र कोरडं ठणठणीत, सहीसकट! शोधतोसाहेबाने स्वतः त्याची नक्कल काढून शिक्का मारला. शिक्का मारताना त्याचे डोळे भरून आले होते.

सुनावणीला मीही गेले, चक्क शोधतोसाहेबाच्या मांडीवर बसून. नव्या मंत्र्यांनी पान वाचलं आणि म्हणाले, "ठीक आहे. घरं तिथेच होतील." वसाहतीतल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या.

"टाळ्या नंतर वाजवा. साहेब, वाक्य परत सांगता का? लिहून घ्यायचंय."

मंत्र्यांनी ते पुन्हा सांगितलं. ते आता माझं दोनशे तेरावं पान आहे.

आज त्या जागेवर एकशे बारा नवी घरं उभी आहेत, आणि मी वाचनखोलीत उघड्या फळीवर राहते. कोणीही यावं आणि मला मागावं. शाळेतली मुलं येतात, सत्तेचाळिसावं पान उघडतात, तेव्हा मला पहिल्या दिवसाइतकी कोरी असल्यासारखं वाटतं. मित्रांनो, तुम्हीही या. हात पुसून या, पानांचे कान दुमडू नका आणि वाचून झालं की नाडी बांधा. आम्हाला तोंड नसतं. तुम्ही वाचता, तेव्हाच आम्ही बोलतो.

आणि कुठे टेबल डुगडुगत असेल, तर सुताराला बोलवा.