आवाज खाली येईपर्यंत
"काका, ही एवढी का बोंबलतेय? काही लोचा आहे वाटतं," असं म्हणत गिऱ्हाइकाने थेट गिअरच टाकला. बाबांनी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि म्हणाले, "विकायची नाही."

थंडीत चालू केली की गाडी आधी जोरात घोंघावते आणि इंजिन गरम झालं की आपसूक निवळते. बाबांनी जन्मभर टॅक्सी चालवली, पण ती निवळल्याशिवाय कधी जागची हलवली नाही. स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या शेजारीच उघडायची. आई तिथून चहाचा कप द्यायची आणि त्या घरघरीवर आवाज चढवून दोघं बोलायची. दादाचं लग्न, आजीचं ऑपरेशन, माझं कॉलेज, सगळं त्या खिडकीत ठरलं. त्यामुळे आमच्या घरातली एकही गोष्ट गल्लीपासून लपून राहिली नाही!

आवाज खाली आला की आई रिकामा कप घ्यायची. "निघा आता. शांत झाली बाईसाहेब."

"कोणती?" बाबा विचारायचे.

आई गेली. पाठोपाठ बाबांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. गाडी विकायला ते तयार झाले खरे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने घोंघावत्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला आणि त्यालाही नारळ मिळाला. मी वैतागले.

"बाबा, गाडी विकताय की पोरीला स्थळ बघताय?"

"तुझ्या वेळी एवढं बघितलं नाही, म्हणून आता बघतोय."

तिसरी आली ती एक नर्स. रात्रपाळी संपवून तशीच, युनिफॉर्मवर स्वेटर चढवून आलेली. गाडी घोंघावली तशी तिने गिअरवरचा हात काढून घेतला.

"गारठलीय बिचारी. होऊ दे जागी," ती म्हणाली. मग काच खाली करून विचारलं, "काका, करमेल का हो तुम्हाला हिच्याशिवाय?"

"नाही करमणार," बाबा इंजिनाच्या वर ओरडून म्हणाले. "घेऊन जा."

आई गेल्यापासून मी त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं.

कागदपत्रं झाल्यावर ती गाडी न्यायला आली, तेव्हाही कडाक्याची थंडी होती. मी खिडकीतून दोघांना चहा दिला. तिने तो गडबडीने पिऊन कप परत केला. बाबा मात्र एकेक घोट घेत होते, जणू चहा संपला नाही तर गाडी जाणारच नाही. पण आवाज हळूहळू खाली आला.

"निघा आता," ते म्हणाले. "शांत झाली."

गाडी वळणापलीकडे गेली. बाबांनी तिकडेच बघत रिकामा कप मागे खिडकीत धरला. मी तो घेतला. कप कोणी घेतला हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.