पाहुण्यासमोरचा तोकुजी

कियोएला या सगळ्यातून मिळायचं होतं ते एवढं: आठवड्यातले तीन दिवस नवरा, तोकुजी, नऊ ते चार घराबाहेर, वृद्धांच्या केंद्रात, त्याच्या दोन अंघोळी परक्या हातांनी, आणि महिन्याकाठी चार रात्री सलग झोप. नगरपालिकेने त्याला देखभालीची तिसरी पातळी दिली तर. पहिली दिली तर न्हाणीघरात धरायला एक दांडी आणि चालायला एक काठी मिळणार होती. म्हणजे तोकुजीच्या हातात आणखी एक लाकूड.

लाकडाशी त्याचं जुनं नातं. चाळीस वर्षं त्याने उत्तर जपानातल्या आमच्या इवातेच्या डोंगरात झाडं पाडली. आता वय एक्याऐंशी, डोकं दोन वर्षांपासून कामातून गेलेलं, पण खांदे अजून पंचेचाळिशीचेच. बँकेत सहीऐवजी उमटवायच्या आपल्या शिक्क्याची डबी बायकोने चोरली असं दिवसातून एकदा तरी त्याच्या मनात यायचं, आणि मग तो मारायचा. ऑक्टोबरात त्याने तिची बरगडी मोडली. नोव्हेंबरात केस धरून तिला ओसरीवरून खाली ओढलं. त्याआधीच्या पन्नास वर्षांत त्याने दोनदाच हात उचलला होता, आणि ती ते दोन धरत नाही. मी धरते.

सेंदाई शहरात राहणाऱ्या मुलाने बजावलं होतं, "मदत मिळाली नाही तर नव्या वर्षात बाबा कुलपाच्या इस्पितळात आणि तू माझ्याकडे." कियोएला दोन्ही नको होतं.

"तिथे पलंगाला बांधतात," ती म्हणायची. "इथे निदान मोकळे आहेत."

"मोकळा आहे म्हणून तर तुझी बरगडी गेली," मी म्हणायची.

मी आमच्या आळीची मदतनीस. पगार नाही, सरकारने दिलेली एक पाटी आणि लोकांच्या घरात नाक खुपसायची परवानगी, एवढीच कमाई. अर्ज मीच भरून दिला. वर तिला बजावलं: पातळी ठरवायला नगरपालिकेचा तपासनीस यायच्या आधी घर आवरू नकोस, त्याची दाढी करू नकोस, आणि प्रत्येक मार तारखेसकट लिहून तो कागद फाटकाशीच तपासनिसाच्या हातात सरकव. नवऱ्यासमोर तोंडाने सांगणं तुला जमायचं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी पोचले तर तोकुजी तुळतुळीत दाढी करून, लोकरीची बंडी घालून बसलेला. कागदी दारांना त्याने बुक्क्यांनी पाडलेली भोकं कियोएने कागदाची फुलं कापून बुजवली होती. एकोणीस फुलं.

"हे काय केलंस?"

"पाहुणा यायचा आणि त्याला भोकं दाखवू?"

"कागद तरी दिलास का?"

तिने ॲप्रनच्या खिशावर हात ठेवला. कागद तिथेच होता, आणि तपासनीस तर दारात आलेला.

त्याचं नाव ओनोदेरा. चाळिशीचा, उंबऱ्यातच ओले मोजे बदलून आत आलेला सभ्य माणूस. दारांकडे बघून म्हणाला, "सुंदर फुलं आहेत, काकू."

तोकुजीने जमिनीला कपाळ टेकवलं. "एवढ्या बर्फातून आलात. आमच्या गरिबाच्या घरी."

जन्मतारीख बरोबर. ऋतू बरोबर. एका पायावर उभा राहिला तो ओनोदेरा पुरे म्हणेपर्यंत.

"कपडे स्वतः घालता?"

"माझे मी. हिचे गुडघे गेलेत, उलट हिलाच मी सांभाळतो."

ओनोदेरा हसला आणि रकान्यांत खुणा करत गेला. "चिडणं, मारहाण असं काही?"

"छे," कियोए म्हणाली. "फार शांत आहेत."

चहाच्या निमित्ताने मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "पहिलीसुद्धा मिळायची नाही. इकडे याला पलंगाला बांधतील, तेव्हा तू सेंदाईत फुलं कापत बस. दे तो कागद."

"त्यांना असं बसलेलं पाहून कागदावर कोण विश्वास ठेवेल?" ती दाराकडे बघत राहिली. "त्यांनी डोळ्यांनीच पाहायला हवं."

ती काय करणार ते मला कळलं. मी ट्रेमध्ये पेले लावत राहिले.

ती बाहेर गेली, देव्हाऱ्याखालचा खण उघडला, शिक्क्याची डबी काढली आणि नवऱ्याला दिसेल अशा बेताने, सावकाश, खिशात टाकली.

तोकुजी ओरडला नाही. उठला आणि शेगडीवरची किटली उचलली. आमच्याकडची ओतीव लोखंडी किटली, रिकामीच दोन किलोची. ही उकळत्या पाण्याने भरलेली होती. पहिला फटका कियोएने आडव्या धरलेल्या उजव्या हातावर बसला आणि मनगट वाळक्या फांदीसारखं कडकन वाजलं. पाणी तिच्या कोपरापर्यंत सांडलं. दुसरा खांद्यावर. "बसा, जरा बसून बोलू," असं म्हणत ओनोदेरा मध्ये शिरला. तिसरा त्याच्या डाव्या कानावर. तो फुलांच्या दारातून आरपार पलीकडे जाऊन पडला. मग तोकुजीने किटली टाकली, बायकोचे केस धरले आणि तिचं डोकं खांबावर आपटलं. एकदा. दोनदा. चौथ्या वेळेपर्यंत मी पोचले. थंडीत पाय शेकायला बैठ्या मेजावर घातलेली रजई ओढून त्याच्या डोक्यावर टाकली, त्याला आडवा पाडला आणि वर बसले. मी पंच्याहत्तर किलोची आहे, तरी त्याने मला दोनदा उचललं. रजईखालून तो "चोर, चोर" म्हणत गुरगुरत होता. मग दमला. डोकं बाहेर काढून मला म्हणाला, "पाहुण्यांना चहा दिलास का?"

कियोए खांबाला टेकून बसली होती. कपाळातून रक्त, हाताची कातडी सोललेली. "पोलीस नको," ती ओनोदेराला म्हणाली. "घेऊन जातील. लिहा. आता लिहा."

ओनोदेराच्या कानातून रक्त गळ्यात उतरत होतं. त्याने फॉर्म शोधला, जास्तीच्या नोंदीचा रकाना काढला आणि डबीपासून खांबापर्यंत सगळं लिहिलं. फक्त स्वतःला वगळलं. इस्पितळात त्याने सांगितलं की तो बर्फावर घसरला. कियोएने सांगितलं की तिच्या हातून किटली निसटली. डॉक्टरने दोघांकडे बघितलं आणि टाके घातले.

ती घरी येईपर्यंत मुलगा रजा काढून बापापाशी राहिला. जानेवारीत पत्र आलं. तिसरी पातळी. तीन दिवस, दोन अंघोळी, चार रात्री. कियोएला हवं होतं ते सगळं मिळालं आणि दोघं आपल्याच घरात आहेत. परवा तोकुजी तिचा हात निरखून म्हणाला, "बाई, कुणी मारलं तुला? नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे."

"किटली पडली," ती म्हणाली.

याचं मोल कुणी भरलं, ते आता सांगते. कियोएची उजवी मूठ मिटत नाही. ओनोदेराला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि बायकोला तो अजून बर्फच सांगतो. मुलाच्या आठ रजा गेल्या. तोकुजीला काही भरावं लागलं नाही. आणि मी पेले लावत जेवढा वेळ उभी राहिले, तेवढ्याची भरपाई म्हणून दर मंगळवारी जाऊन तिची धुणी पिळून देते. कियोए दारापर्यंत येऊन वाकते, म्हणते तुमचे उपकार कसे फेडू. मी तिला वाकू देते.