आवडाबाईंबरोबर धावलेली सायकल

मित्रांनो, मी बावीस इंची, काळ्या रंगाची, मधल्या दांडीची एक जुनी सायकल आहे. छत्रपती संभाजीनगरात, शहागंजातल्या एका अरुंद दुकानात मी राहते. माझ्या वयाच्या बहुतेक सायकली केव्हाच वितळून गेल्या. मी अजून रस्त्यावर आहे, ते काही माणसांच्या उपकारामुळे. त्यांची आठवण सांगावी म्हणून आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म १९७४ सालचा. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पोलीस अ‍ॅक्शननंतर दोनेक वर्षांनी, म्हणजे १९५०च्या सुमारास, करीम मिस्त्रींनी शहागंजात सायकलचं दुकान टाकलं होतं. सुटे भाग पेटीतून यायचे आणि करीम मिस्त्री त्यांची सायकल उभी करायचे. माझी चाकं त्यांच्या मुलानं, मुख्तारनं, बांधली. विशीतला होता तो. चाक फिरवायचा, कान जवळ न्यायचा आणि एकेक तार कसत जायचा. चाक जराही डुगडुगलं तर पुन्हा सगळं सैल करायचा. करीम मिस्त्रींनी माझ्या सीटखाली छिन्नीनं उर्दूतला काफ कोरला, म्हणजे करीमचा क. "ही आपल्या हातची," एवढंच ते म्हणाले.

मला नेलं पुंजाराम पोस्टमननी. एकोणतीस वर्षं त्यांची खाकी थैली माझ्या हँडलला लटकत होती. माझी घंटी वाजली की बाया दारात यायच्या, म्हातारे ओट्यावरून उठायचे. लोक म्हणत, "पुंजारामची सायकल म्हंजी घड्याळ हाय." असं कौतुक ऐकलं की मला उगीचच हलकं वाटायचं. पुंजाराम निवृत्त झाले, थकले, गेले. त्यांच्या मुलाकडे मोटारसायकल आली आणि मी जिन्याखाली गेले. तिथं अंगावर गंज चढला, कोळ्यांनी तारांत जाळी विणली. शेवटी एक दिवस मी भंगाराच्या हातगाडीवर पडले. ती गाडी शहागंजातून चालली असताना एका पिकल्या दाढीच्या माणसानं ती थांबवली, मला उलटं केलं आणि सीटखाली बोट फिरवलं. मुख्तार मिस्त्री होते ते.

"अब्बांच्या हातची आहे," ते गाडीवाल्याला म्हणाले. "ही नको नेऊ."

त्यांनी माझं सगळं अंग खोलून, घासून, तेल देऊन पुन्हा जोडलं. मी नवी झाले. पण रस्ता काही लगेच दिसला नाही. त्याच वर्षी मुख्तार मिस्त्रींच्या पत्नी, जहांआराबी, वारल्या आणि दुकानाचं शटर उघडायचंच थांबलं. मिस्त्री पहाटे फजरची नमाज पढून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांची मुलगी अजरा शाळेत शिकवायची. ती निघताना दोनदा हाक मारायची, आणि दोन्ही वेळा आतून नुसतं "हौ" यायचं. मी आकड्याला टांगलेली. माझी चाकं अधांतरी होती, आणि मिस्त्रींचंही तसंच काहीसं चाललं होतं.

असे नऊ महिने गेले. आषाढात एक दिवस अजरानं शटर अर्धं उघडलं होतं, तेव्हा एक बाई वाकून आत आल्या. त्या आवडाबाई. जवळच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. वय बेचाळीस, अंगानं भारदस्त, आवाज खणखणीत.

"मिस्त्री, एखादा लोखंडी दांडका हाय का? कुत्र्यांना हाकलायला पायजे."

"दांडका कशाला?" अजरानं विचारलं.

मग सगळी हकीकत बाहेर आली. आवडाबाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. लहानपणी वस्तीवरून शाळेपर्यंत पळत जायच्या आणि तालुक्याच्या शर्यतीत पहिल्या यायच्या. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि पळणं सुटलं. वसतिगृहातल्या मुलींना त्या जेवण वाढता वाढता हे ऐकवायच्या. डिसेंबरात शहरात मॅरेथॉन होणार म्हटल्यावर एका मुलीनं मोबाइलवर त्यांचा अर्ज भरला. दहा किलोमीटरच्या जागी बेचाळीसवर बोट पडलं.

"बदलून घ्या की," अजरा म्हणाली.

"कशी बदलू? पोरींना मी रोज सांगते, अर्ध्यात सोडू नगा, शिकायचं तर पुरं शिका. दोघी तर बॅगा भरून घरी निघाल्या व्हत्या, त्यांना मीच दारातून माघारी फिरवलं. आता मीच कच खाल्ली तर माझं कोण ऐकंल? पण छावणीच्या रस्त्याला सकाळी कुत्री लई लागतात मागं."

अजरानं आतल्या खोलीकडे पाहून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अब्बा, तुम्ही सायकलवर यांच्यासोबत जाता का?"

"नक्को," आतून उत्तर आलं.

पण दुसऱ्या दिवशी नमाजेनंतर मिस्त्री पडले नाहीत. त्यांनी मला आकड्यावरून उतरवलं, हवा भरली आणि सहाच्या ठोक्याला वसतिगृहाच्या फाटकापाशी उभे राहिले. आवडाबाई कॅनव्हासचे बूट घालून बाहेर आल्या.

"कुत्री मी बघतो," मिस्त्री म्हणाले. "पळायचं तुमचं तुम्ही."

मित्रांनो, त्या सकाळी रस्त्याला टेकलेलं माझं चाक मी कधी विसरणार नाही.

पहिला महिना मोठ्या दिमाखात गेला. आवडाबाई परतल्या की मुली खिडक्यांतून टाळ्या वाजवायच्या. शहागंजातले दुकानदार हात वर करायचे. आज छावणी, परवा पडेगाव, असं अंतर वाढत गेलं. मी त्यांच्या उजव्या अंगाला चालायचे, इतकी हळू की मिस्त्रींना तोल सावरावा लागायचा. कुत्री आली की ते नुसती घंटी वाजवायचे.

मग भाद्रपद लागला आणि नव्याची नवलाई संपली. टाळ्या थांबल्या, कारण मुलींच्या परीक्षा आल्या. आवडाबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. रोज तोच रस्ता, तेच पेट्रोल पंप, तीच लिंबाची झाडं. सात वाजून गेले की परत येऊन कणीक मळायला घ्यायची. शर्यत अजून तीन महिने लांब होती. आवडाबाई बोलेनाशा झाल्या. मिस्त्री तर मुळातच कमी बोलत.

एका रविवारी दौलताबादचा घाट चढायचं ठरलं. वसतिगृहातल्या वच्छलाबाईंनी त्या दिवशीचा स्वयंपाक अंगावर घेतला होता. किल्ला मागं पडला, चढ सुरू झाला. मिस्त्री उतरून मला ढकलत चालू लागले. दुसऱ्या वळणावर आवडाबाई थांबल्या आणि कठड्यावर बसल्या. आधी धाप, मग रडू.

"मला नाय व्हत, मिस्त्री. माझ्या मागं काय वाघ लागलाय का? या वयात माणसं नातवंडं खेळवतात. मी इथं घाटात काय करते?"

मिस्त्रींनी समजावलं नाही. पाण्याची बाटली दिली, खिशातून दोन खजूर काढून दिले. आवडाबाईंनी खजूर तसेच मुठीत धरले. खुलताबादकडून येणारी जीप मिस्त्रींनी हात करून थांबवली. आवडाबाई आत बसल्या, मला टपावर बांधलं. उतरताना त्या मान वर न करता म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नगा."

सोमवारी सकाळी सहाला मिस्त्री मला घेऊन फाटकापाशी हजर. कोणी आलं नाही. साडेसहापर्यंत उभे राहिले आणि परतले. मंगळवारी तसंच. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही तसंच. त्यांनी एकदाही घंटी वाजवली नाही. आत मुली झोपलेल्या असतील, म्हणून. मला वाटायचं, एकदा वाजवा हो मिस्त्री, एकदाच! पण ते हँडल धरून नुसते उभे राहायचे.

शुक्रवारी दुपारी अजरा मला घेऊन वसतिगृहात गेली. तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलं. आवडाबाई चपात्या लाटत होत्या.

"मावशी, अब्बा रोज तुमच्या फाटकावर येतात, माहीत आहे?"

आवडाबाईंचं लाटणं थांबलं. "म्या तर नगा म्हणले व्हते."

"ते म्हणतात, बाई एखाद्या दिवशी आली आणि मी नसलो तर?"

आवडाबाईंनी लाटलेली चपाती तव्यावर टाकली.

"मी तुम्हांला पळा म्हणून सांगायला नाही आले," अजरा म्हणाली. "अम्मी गेल्यावर अब्बा नऊ महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. डॉक्टर झाले, मामू झाले, सगळ्यांनी हात टेकले. तुमच्यासोबत जायला लागले आणि एक दिवस परत येऊन मला म्हणाले, बेटा, भूक लागली. मावशी, मी किचनमध्ये जाऊन रडले. तुम्ही पळा, नका पळू. मला फक्त शुक्रिया म्हणायचं होतं."

तव्यावरची चपाती करपली. आवडाबाईंनी ती काढली, बाजूला ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. "मला वाटत व्हतं, ते माझ्यासाठी येतात," त्या हळूच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही पोहोचलो, तर आवडाबाई आधीच फाटकाबाहेर उभ्या! कॅनव्हासच्या बुटांना नव्या नाड्या होत्या.

"चला," मिस्त्री म्हणाले. जणू पाच दिवस मधे गेलेच नव्हते.

त्यानंतर आवडाबाईंना पळायची हौस रोज यायची असं समजू नका, मित्रांनो. पुष्कळदा यायची नाही. त्या दिवशी त्या सरळ सांगायच्या, "मिस्त्री, आज मन नाय. छावणीपर्यंत जाऊ आन् माघारी फिरू." मिस्त्री म्हणायचे, "हौ, छावणीपर्यंतच." छावणी यायची, मिस्त्री न थांबता मला पुढं काढायचे आणि आवडाबाई हसत शिव्या घालत मागं यायच्या. एखाद्या दिवशी मिस्त्रींचे डोळे लाल असायचे. जहांआराबींच्या बरसीचा, म्हणजे वर्षश्राद्धासारखा, दिवस होता तेव्हा तर ते वाटेत थांबूनच गेले. त्या दिवशी आवडाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, त्या लिंबापर्यंत चला. मग बघू." लिंब आला, तसा त्यांनी पुढचा लिंब दाखवला. जहांआराबी कशा होत्या, काय रांधायच्या, हे त्यांनी पळता पळता विचारलं आणि मिस्त्री पडेगावपर्यंत बोलत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नोव्हेंबरात घाट सर झाला. छोटी छोटी पावलं टाकत, चढावर चालत, उतारावर पळत आवडाबाई थेट वेरूळला पोहोचल्या. टपरीवर चहा घेताना त्यांनी बूट काढले, सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गुणाचे हायेत रे तुमी!"

शर्यतीच्या दिवशी मात्र सायकलींना मज्जाव होता. दोर बांधलेले, पोलीस उभे. बेचाळीस किलोमीटर सहा तासांत संपवायचे, असा नियम. आवडाबाई एकट्या निघाल्या. मिस्त्रींनी मला गल्लीबोळांतून असं काही पिटाळलं की चेन दोनदा उतरली. दहाव्या किलोमीटरला आम्ही दोराबाहेर उभे, एकविसाव्याला उभे. तिथवर त्या हसत होत्या. छत्तिसाव्याला आल्या तेव्हा पोटरीत गोळा आला होता, पाय फरफटत होता.

"किती ऱ्हायलं, मिस्त्री?"

"सहा किलोमीटर."

"आन् वेळ?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. "चाळीस मिनिटं."

दोघांनाही हिशेब कळला. त्या पायानं चाळीस मिनिटांत सहा किलोमीटर होणार नव्हते. शेजारीच थकलेल्यांना परत नेणारी बस उभी होती. आवडाबाईंनी बसकडे पाहिलं.  मिस्त्रींनी दोराबाहेरून मला चालवायला सुरुवात केली, रोजच्यासारखी, आवडाबाईंच्या उजव्या अंगाला. तिथल्या हवालदारानं हटकायला तोंड उघडलं, आवडाबाईंचा पाय पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली.

आम्ही पोहोचलो तेव्हा सहा तासांवर एकोणीस मिनिटं झाली होती. कमान उतरवत होते. टेबलामागचा तरुण अवघडून म्हणाला, "मॅडम, वेळ संपली. मेडल नाही देता येणार."

"नगं बाबा," आवडाबाई म्हणाल्या. "पाणी दे."

वसतिगृहातल्या मुली मात्र गेल्या नव्हत्या. त्या धावत आल्या, कोणी पाय धरले, कोणी गळ्यात पडल्या. ज्या दोघी बॅगा भरून निघाल्या होत्या, त्या सगळ्यांत मोठ्यानं रडत होत्या. त्या गर्दीतून आवडाबाईंनी मिस्त्रींना शोधलं आणि हात जोडले.

"मिस्त्री, तुमी नसता तर मी त्या कठड्यावरच बसून ऱ्हायले असते."

 "बाई, आणि मी भिंतीकडे तोंड करून," मिस्त्री म्हणाले.

आवडाबाईंना पाऊल टाकवेना. त्या माझ्या कॅरियरवर बसल्या. मिस्त्रींनी हँडल धरलं, दोन मुलींनी मागून आधार दिला, आणि आमची वरात शहागंजाकडे निघाली. पुंजारामांच्या थैलीत मी किती सुखदुःखं वाहिली असतील, पण इतकं मोलाचं ओझं माझ्या पाठीवर कधी आलं नव्हतं.

आता त्याला काही वर्षं झाली. आवडाबाई अजून पळतात, दहाच किलोमीटर, हौसेनं. दुकानाचं शटर रोज सकाळी आठला वर जातं. माझा मागचा टायर नवा आहे.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली एखादी माझी बहीण गंजत असेल. तिला बाहेर काढा, चेनला तेल द्या, हवा भरा. आणि तुमच्या गल्लीत सकाळी कोणी एकटंच धावायला निघत असेल, तर त्या सायकलवर बसून थोडं अंतर त्यांच्या शेजारून जा. फार काही बोलायची गरज नाही. वेळेवर पोहोचा, म्हणजे झालं.